मोटारीची डावी बाजू

सात छायाचित्रांत ही मोटार आहे, आणि सातही छायाचित्रांत तिची डावी बाजूच दिसते.

छायाचित्रे एकाच काचेच्या चौकटीत दोन ओळींत बसवून उमरग्यात हैदराबाद रोडवरच्या शंभुलिंगअप्पांच्या टायरच्या दुकानामागे, बैठकीच्या भिंतीवर लावलेली होती. प्रत्येकात लोहाऱ्याच्या घराची तीच दगडी भिंत, भिंतीला खेटून तीच मोटार, तिच्या चाकांशी अंथरलेल्या कडब्याच्या पेंढ्या, आणि मोटारीपुढे उभी एक मुलगी. मुलगी तेवढी दर वेळी वेगळी. शंभुलिंगअप्पांच्या आजोबांच्या, विरुपाक्षांच्या, चार लेकी आणि तीन पुतण्या जसजशा लग्नाच्या झाल्या, तसतशा त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. पहिली १९४९ साली, शेवटची १९६१ साली. शेवटची म्हणजे इरम्मा. ती शंभुलिंगअप्पांची आत्या. वय ब्याऐंशी. नवरा गेल्यावर ती भाच्याकडे राहायला आली होती, आणि या क्षणी चौकटीखालच्या दिवाणावर बसून शेंगा फोडत होती.

या मोटारीवरून घराला मोटारवाले म्हणत. दुकानाच्या पाटीवरही तेच नाव होते. मोटार कोणत्या कंपनीची, हे मात्र इतक्या वर्षांत कुणी विचारले नव्हते. ते गेल्या महिन्यात बसवकल्याणच्या महांतेश बिरादारांनी विचारले.

कारण साधे होते. शंभुलिंगअप्पांनी लेकीचा, भैरवीचा, बायोडाटा छापताना मागच्या बाजूला चौथे छायाचित्र टाकले आणि त्याखाली ‘घराण्यात १९४९ पासून मोटार’ अशी ओळ घातली. भैरवी उमरग्याच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होती, महांतेशांचा मुलगा उत्कर्ष जनावरांचा डॉक्टर होता. उत्कर्षची आई येऊन मुलगी पाहून गेली, पसंती कळली, मुलामुलींचे फोनही सुरू झाले. राहिली होती ती यादी. मानपान कागदावर उतरून दोन्हीकडच्या सह्या झाल्याशिवाय लग्न ठरले असे या भागात कुणी मानत नाही. आणि महांतेशांनी फोनवर सांगितले होते, “मुलगी पसंत हाय री. पण त्या मोटारीचं मला आधी कळू द्या. यादीचं मग बघू.”

महांतेशांना जुन्या मोटारी खोलून पुन्हा जोडण्याचा छंद होता, एवढेच शंभुलिंगअप्पांना ठाऊक होते. त्यांनी ते काम पुतणीवर सोपवले. अक्षरा धाराशिवच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे, आणि घराच्या समजुतीप्रमाणे ज्याला पदार्थविज्ञान येते त्याला मोटारही येते. आज रविवार होता. पाहुणे दुपारी येणार होते. अक्षरा सकाळच्या एसटीने आली होती आणि तिच्या पिशवीत उत्तर नव्हते.

“फोर्ड,” शंभुलिंगअप्पा म्हणाले. “सांगून टाकायचं फोर्ड म्हणून. चाळीस वर्षं टायरं विकतोय मी. मला कळत न्हाय व्हय?”

“तुम्हाला टायर कळतात, काका. आणि टायरवर नाव नाही.” अक्षराने फोन पुढे केला. “जुन्या मोटारींचे जाणकार आहेत, त्यांच्या ग्रुपवर मी सातही फोटो टाकले. पाच उत्तरं आली. कोइमतूरच्या गृहस्थांनी बोनेट पाहून शेवरोले सांगितली. पुण्याच्यांनी मडगार्डवरून ऑस्टिन. हैदराबादच्यांनी टपावरून फोर्ड.”

“बघ! फोर्ड.”

“चौथ्यांनी चाकांवरून मॉरिस.”

“आणि पाचवा?”

“त्यांनी विचारलंय, विकायची आहे का.”

स्वयंपाकघरातून उमादेवी काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांनी सकाळपासून हुग्गी चढवली होती. खपली गव्हाची ती खीर जितकी मुरते तितकी घट्ट होते, आणि आता ती उलथन्याला ऐकेनाशी झाली होती. “त्यात काय एवढं?” त्या म्हणाल्या. “मामंजींच्या वडलांनी जोडून घेतली असंल. आपण नाही का मिक्सरला दुसऱ्या कंपनीचं भांडं बसवलं?”

“भांडं बसतं तरी, काकू. या दाराकडं पाहा. मूठ आणि बिजागरी एकाच बाजूला आहेत. असं दार जगात कुठं उघडत नाही.”

“चोराच्या भ्यानं केलं असंल,” शंभुलिंगअप्पा म्हणाले.

“आणि मालक आत कसे बसायचे?”

“उजवीकडनं!”

“उजवीकडं भिंत आहे. सातही फोटोंत. वीतभरसुद्धा जागा नाही.”

शंभुलिंगअप्पांनी चष्मा लावला, चौकटीकडे पाहिले, चष्मा काढला. “उन्हानं रंग उडू नये म्हणून भितीला लावायचे. आन् पोरी, शंका घेतीस तर मग आत्याला रंग कसा ठावं? फोटो काळे-पांढरे. पण आत्या पहिल्यापासनं सांगती, मोटार हिरवी. काय गं आत्या?”

“हिरवीगार,” इरम्मा शेंगेवरून नजर न काढता म्हणाली.

“आन् बैलांनी आणायचे का न्हाय?”

“व्हय. बैलांनीच यायची.”

“बघ. पावसात काळ्या रानातनं मोटार वढायला बैल जुंपायचे. हे काय कुणी मनानं सांगंल?”

पुरावा अक्षराला नाकारता येत नव्हता. आत्याला रंग ठाऊक होता, म्हणजे आत्याने मोटार पाहिली होती. परंतु सातांपैकी एकाही छायाचित्रात चिखल नव्हता. शिवाय मडगार्डावर एक चकाकी होती, उन्हाची तिरीप असावी तशी. काही फोटोंत मुलीची सावली डावीकडे पडली होती, काहींत उजवीकडे. चकाकी मात्र जागची हलली नव्हती. समोरच्या घराची चुन्याची भिंत उजेड परतवत असेल, असा आक्षेप कुणी घेतला असता तर तिच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या जागी, दुसऱ्या उजेडात घेतलेला याच मोटारीचा एक फोटो मिळाला असता तर प्रश्न सुटला असता. तो मिळण्याची शक्यता तिने शून्य धरली होती, आणि म्हणून आपला तर्क कुणाला सांगितला नव्हता.

भैरवी तिला जिन्याखाली घेऊन गेली.

“ताई, खरं सांग. मोटारीचं नाव नाही कळलं तर ते नाही म्हणतील का?”

“उत्कर्ष काय म्हणतो?”

“तो म्हणतो, बाबा मोटारीचं नाव काढलं की झोपत नाहीत. का ते सांगत नाहीत. आणि आप्पा काहीतरी ठोकून देणार बघ. फोर्ड म्हणून. मला खोट्या फोर्डवर लग्न करायचं नाही.”

“मग आप्पांना बोलू देऊ नकोस.”

“तू ओळखतीस ना आप्पांना?” भैरवी म्हणाली, आणि दोघी हसल्या, पण भैरवी जरा कमीच हसली.

*

महांतेश बिरादारांनी चप्पल काढण्याआधी दारातूनच चौकट पाहिली. मग ते थेट तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, आणि “शरणु शरणार्थी” हा नमस्कार त्यांनी यजमानांऐवजी भिंतीला केल्यासारखे झाले.

“बर्री, बर्री, या, बसा,” शंभुलिंगअप्पा म्हणाले. “हीच ती. फोर्ड.”

महांतेश बसले. उत्कर्ष त्यांच्या शेजारी, खुर्चीच्या कडेवर बसला. उमादेवींनी हुग्गीच्या वाट्या आणल्या तेव्हा महांतेशांनी हात जोडले. “बोलणी होईपर्यंत आमच्यात गोड खात न्हाईत. चहा चालंल.”

चहा बिनसाखरेचा आला. हुग्गी परत गेली आणि चुलीवर आणखी घट्ट होऊ लागली.

महांतेशांच्या खिशात एक पाकीट होते आणि ते बाहेर काढावे की नाही, हे त्यांना चौकट पाहीपर्यंत ठरवता आले नव्हते. लहानपणी त्यांना वडिलांनी सांगितले होते की आजोबा पंचाक्षरी यांच्याकडे मोटार होती. एका सकाळी उठून पाहिले तर ती नव्हती. कुणी नेली ते कळले नाही. वडील मरेपर्यंत रस्त्यावरून जुनी गाडी गेली की उभे राहून बघत. महांतेशांनी तीन मोटारी जोडल्या त्या हौसेने, असे सगळे म्हणत. खरे म्हणजे भंगारात पडलेली प्रत्येक गाडी ते आधी पाकिटातल्या त्या एका छायाचित्राशी ताडून पाहत. ती मोटार त्यांना भंगारात सापडली नाही. मुलासाठी आलेल्या बायोडाटाच्या पाठीवर सापडली.

त्यांनी पाकीट उघडले आणि छायाचित्र टीपॉयवर ठेवले.

मोकळ्या अंगणात, कडुलिंबाखाली एक मुलगी उभी होती. तिच्या मागे तीच मोटार होती. तेच बोनेट, तेच मडगार्ड, मूठ आणि बिजागरी एकाच बाजूला असलेले तेच दार, आणि डावीच बाजू.

“ही माझ्या वडलांची बहीण,” महांतेश म्हणाले. “आणि ही आमची मोटार. चोरीला गेलेली.”

बैठकीत शेंगा फुटण्याचा आवाज तेवढा राहिला.

“म्हंजे,” शंभुलिंगअप्पा सावकाश म्हणाले, “माझ्या आजोबांनी चोरली म्हणताव काय तुम्ही?”

“मी काय म्हणालो न्हाई री. फोटो म्हणतोय.”

“आमची मोटार आजोबांनी मठाला दान दिली. समद्या लोहाऱ्याला ठावं हाय.”

“कुठल्या मठाला?”

शंभुलिंगअप्पांनी तोंड उघडले, आणि हा प्रश्नही इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता हे त्यांच्या लक्षात आले. “मोठ्या,” ते म्हणाले.

“दुसऱ्याची वस्तू दान द्यायला मोठंच मन लागतंय.”

“बाबा!” उत्कर्ष म्हणाला. “आपण यादीला आलोय.”

“तू गप बस. चोरलेल्या मोटारीपुढं यादी करू व्हय?”

“ऐकलं का?” शंभुलिंगअप्पा उठून उभे राहिले. “आता पोरीचा बाप म्हणून मी ऐकून घेतो, पण नातू म्हणून न्हाय ऐकणार!”

“अहो, खाली बसा,” उमादेवी म्हणाल्या. “भांडण मोटारीचं आहे, पोरगी माझी आहे.” त्यांनी नवऱ्याची बाजू चहाच्या ट्रेबरोबर तिथेच ठेवून दिली आणि अक्षराकडे वळल्या. “तू शिकलीस ना एवढं? मग सांग काहीतरी. फोर्ड सोडून.”

अक्षरा टीपॉयवरचे छायाचित्र पाहत होती. तिचा चेहरा, भैरवीला वाटले, हुग्गीत वेलदोडा सापडल्यासारखा झाला होता.

“हा कधीचा फोटो, काका?” तिने महांतेशांना विचारले.

“पंचावन्नचा. त्याच साली आत्याचं लग्न झालं.”

“आमच्या चौकटीत ही मोटार त्रेपन्नला आहे. अठ्ठावन्नलाही आहे. मग विरुपाक्ष आजोबांनी ती चोरली असेल तर त्रेपन्नच्या आधी चोरली, पंचावन्नला तुमच्या आत्याच्या फोटोसाठी परत आणून दिली, आणि त्यानंतर पुन्हा चोरली.”

“भला माणूस होता,” शंभुलिंगअप्पा सवयीने म्हणाले, आणि मग थांबले.

“भैरवी,” अक्षरा म्हणाली, “एक कळशी आण. एक पाट. आणि लाटणं.”

खिडकीतून दुपारचे ऊन फरशीवर पडले होते. अक्षराने उन्हात कळशी ठेवली, शेजारी पाट भिंतीला टेकवून उभा केला आणि लाटणे उत्कर्षच्या हातात दिले. “कळशीपुढं धरा. सावली पाहा.”

जनावरांच्या डॉक्टरने भावी सासऱ्यांसमोर लाटणे धरले. कळशीच्या पोटावर त्याची सावली धनुष्यासारखी वाकली.

“आता पाटापुढं.”

पाटावर सावली सरळ पडली.

“आता फोटो पाहा. कडुलिंबाची ही फांदी. तिची सावली बोनेटवरून निघाली, मडगार्डावरून गेली, दारावरून टपावर गेली. बोनेट फुगीर, मडगार्ड गोल, दार त्याच्या आत. सावली कुठं वाकली?”

सगळे वाकले. सावली वाकली नव्हती. ती मोटारीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फूटपट्टीने ओढावी तशी गेली होती.

“आणि मडगार्डावरची ही चकाकी. इथं ती सावलीत आहे तरी चमकते. लोहाऱ्याला जिथं होती तिथंच आहे. समोर चुन्याची भिंत असो नाहीतर नसो, ऊन सकाळचं असो नाहीतर दुपारचं. ती उन्हाची नाही. पांढऱ्या रंगाची आहे.”

“म्हंजे?” महांतेश म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता, कारण वाकलेला पत्रा आणि सपाट पत्रा यांतला फरक या बैठकीत त्यांच्याइतका कुणाला कळत नव्हता.

“म्हणजे ही फळी आहे. मोटार रंगवलेली फळी.”

*

यानंतर जे घडले त्याची अपेक्षा अक्षराने केली नव्हती. तिला वाटले होते की चोरी नव्हतीच हे कळल्यावर दोन्ही बाजूंना बरे वाटेल. प्रत्यक्षात दोन्ही बाजू तिच्यावर उलटल्या.

“फळी?” शंभुलिंगअप्पा म्हणाले. “दुकानाच्या पाटीवर काय लिव्हू? फळीवाले टायर्स?”

“माझे वडील,” महांतेश म्हणाले, “रस्त्यात उभे राहून तीस वर्षं मोटारी बघत होते, बाई. ते काय फळी शोधत होते?”

“एक लाटणं धरलं न् पिढ्यांची मोटार गेली!”

“मी सांगतो शंभुलिंगअप्पा, फोटो जुने आहेत. त्या काळचा कॅमेरा. सावली सरळ येत असंल.”

“अगदी बरोबर बोललाव! कॅमेराच तसला.”

“मग माझ्या लाटण्याचं काय?” उत्कर्षने विचारले. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही.

शंभुलिंगअप्पा महांतेशांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. क्षणभर विचार करून त्यांनी निर्णय घेतला. “महांतेशअप्पा, असं करू. आजोबांनी मोटार नेली, असं धरून चालू. चोरली म्हणा, माझी हरकत न्हाय. माणसाकडनं व्हतं. पण मोटार व्हती.”

“चोरली तरी कशाला म्हणायचं?” महांतेश विरघळून म्हणाले. “दोस्तीत नेली म्हणू. परत करायची राहिली.”

“राहूनच गेली.”

“चालतंय की.”

दोन्ही व्याही, अजून व्याही झालेले नसताना, प्रथमच एकमेकांकडे पाहून हसले. भैरवीने दोघांकडे पाहिले आणि उन्हातली कळशी उचलून बाजूला ठेवली.

“आप्पा, मला हे चालत नाही.” तिचा आवाज मोठा नव्हता, पण दवाखान्यात कुणाला नको असलेला रिपोर्ट सांगताना तो असाच लागत असे. “यादीत पहिलीच ओळ खोटी लिहून मी त्या घरात जायचं? उद्या नांदताना कुणी म्हणेल, तुझ्या पणजोबांनी आमची मोटार नेली. मी काय सांगू? की फळी नेली? ताई चुकली असेल तर चूक दाखवा. नसेल तर फळी म्हणा. मग यादी.”

“मीही तेच म्हणतोय,” उत्कर्ष म्हणाला. या वेळी सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले, कारण लाटणे अजून त्याच्या हातात होते.

“अगं पण चूक दाखवायची कशी? त्या वेळचं माणूस कोण राहिलंय?” शंभुलिंगअप्पा म्हणाले.

शेंगा फुटण्याचा आवाज थांबला.

इरम्माला हे सगळे पहिल्यापासून ऐकू आले होते. तिचे कान उत्तम होते. पण सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला बजावले होते की पाहुण्यांसमोर मोटारीचा विषय काढायचा नाही, आणि त्यानंतर घरात पाहुणे नसतील असा दिवस उजाडल्याचे तिला आठवत नव्हते. आधी बहिणींची स्थळे, मग तिचे, मग भाच्यांची, मग नातवंडांची. कुणी रंग विचारला, तिने सांगितला. मोटार कशी यायची विचारले, बैलांनी म्हणून सांगितले. त्यापुढे कुणी विचारले नाही. आता तिने हात पुढे करून महांतेशांचा फोटो मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

“तुमची बी हीच का?” तिने विचारले.

“व्हय, अव्वा.”

“मग तुमी पाहुणे न्हाई,” इरम्मा म्हणाली. “आपलेच हायसा. आता बोलते.” तिने ओट्यातली टरफले बाजूला काढली. “ही वीरप्पाची मोटार.”

“कोण वीरप्पा?” शंभुलिंगअप्पांनी विचारले. “मोटारीचा मालक?”

“फोटोवाला. नाटकाचे पडदे रंगवायचा आन् फोटो काढायचा. बैलगाडीत घालून आणायचा मोटार, आन् फोटो झाला की पहाटंच दुसऱ्या गावाला घेऊन जायचा. दोन माणसं ती उतरवायची. भितीला टेकवायची. खाली कडबा घालायचा, पाय दिसू नयेत म्हणून.”

“मोटारीचे पाय?” उमादेवी म्हणाल्या.

“टेकू गं. फळीला टेकू नको का?” इरम्मा अक्षराकडे वळली. “थोरल्या अक्काचा फोटो काढला तवा नवीकोरी व्हती. म्या हात लावला. हात हिरवा झाला, लई दिवस निघंना. आन् तेलाचा वास असा, की मला उलटी झाली. तवा आप्पांनी फटका दिला. म्हणले, पाहुण्यांसमोर मोटारीचं बोलायचं न्हाय.”

अक्षराने डोळे मिटून घेतले. रंगाचा पुरावा सकाळपासून तिच्यासमोर होता, आणि तो तिने विरुद्ध बाजूला मांडला होता.

“म्हणजे फसवलंच की पाहुण्यांना,” महांतेश म्हणाले. पण राग त्यात राहिला नव्हता.

“कोण फसतंय?” इरम्मा म्हणाली. “तिकडनं पोराचा फोटो यायचा, त्यात बी हीच मोटार. माझ्या मालकांचा फोटो आला, त्यात हीच. आमी हसलो. फोटोत फुलदाणी ठिवत न्हाईत व्हय? फुलदाणी कुणाची म्हणून कुणी इचारतंय?”

“मग आजोबा बोलू नको का म्हणले?” शंभुलिंगअप्पांनी विचारले.

“जे समद्यांना ठावं असतंय, ते पाहुण्यांसमोर बोलायचं नसतंय,” इरम्मा म्हणाली. ही गोष्ट आपल्या भाच्याला बासष्टाव्या वर्षी सांगावी लागते याचे तिला स्पष्ट नवल वाटले.

महांतेशांनी फोटो परत घेतला. तीन पिढ्यांची चोरी त्यांच्या हातातून गेली होती, आणि त्या जागी काय ठेवावे ते त्यांना सुचत नव्हते.

“अव्वा,” शेवटी त्यांनी विचारले, “पण कंपनी कुठली? त्यानं बघून काढली असंल ना कुठली तरी.”

“सोलापूरला गेला व्हता म्हणं. सडकंला बसला दिवसभर. जेवढ्या मोटारी गेल्या, त्यातलं जे जे आवडलं ते ते काढलं.”

“म्हणजे शेवरोले, ऑस्टिन, फोर्ड आणि मॉरिस,” अक्षरा म्हणाली. “चारही जाणकार बरोबर होते.”

“फोर्ड व्हती,” शंभुलिंगअप्पा हळूच म्हणाले. “टपापुरती का व्हईना.”

महांतेश हसले. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग सगळेच. डोळे पुसत त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. “वैनी, ती हुग्गी आणा री. आणि कागद आणा.”

हुग्गी आता चमच्याने खाण्यासारखी राहिली नव्हती. उमादेवींनी तिच्या वड्या पाडल्या, आणि त्या तशाच वाटल्या गेल्या. यादी भैरवीच्या सांगण्यावरून अक्षराच्या हस्ताक्षरात झाली. मोटारीचा उल्लेख त्यात नव्हता. बाहेर पडताना महांतेशांनी चौकटीकडे पुन्हा एकदा पाहिले आणि विचारले, बसवकल्याणचा फोटोही हिच्यात बसेल का. जागा होती. शंभुलिंगअप्पांनी स्वतः खिळे काढले.

मोटार आडव्या फळ्या जोडून, त्यावर तेलरंगाने चितारलेली होती. उमरग्याचा फोटोग्राफर वीरप्पा लग्नाच्या मुलामुलींचे फोटो काढण्यासाठी ती बैलगाडीतून लोहाऱ्यापासून बसवकल्याणपर्यंत नेत असे. तिला उजवी बाजू नव्हती.